ओला कचरा घरातच जिरवताना

आमच्या पुण्यातल्या इमारतीत ओला आणि सुका कचरा वेगळा देण्याची पद्धत बरीच जुनी आहे. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई रोज सकाळी दारावर येऊन दोन्ही डबे रिकामे करून नेतात, त्यामुळे पुढे त्या कचऱ्याचे काय होते याचा विचार करण्याची वेळ घरात कोणावर फारशी येत नसे. शहराचा कचरा वर्षानुवर्षे ज्यांच्या वेशीवर जाऊन पडत होता, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या की पुण्यातल्या कचराकुंड्या भरून वाहू लागत, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येत आणि काही दिवसांनी सगळे पूर्ववत होई. अशाच एका आंदोलनानंतर घरात बोलणे झाले आणि ठरले, की सुक्या कचऱ्याचे पुढे पाहू, पण ओला कचरा यापुढे घराबाहेर पाठवायचा नाही.

या निर्णयामागे भावना होती तसा हिशेबही होता. चार माणसांच्या स्वयंपाकघरातून रोज साधारण किलोभर ओला कचरा निघतो. आंब्याच्या दिवसांत किंवा गौरी-गणपतीत तो सहज दुप्पट होतो. त्या वजनात बहुतांश पाणीच असते. हे पाणी गाडीत भरायचे, डिझेल जाळून शहराबाहेर न्यायचे आणि तिथे ढिगाच्या तळाशी हवा न लागता कुजू द्यायचे, म्हणजे त्यातून मिथेन निघणार, हे ओघानेच आले. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. तोच कचरा हवा खेळती ठेवून कुजवला तर मिथेन फारच थोडा तयार होतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितले होते. आमची इमारत त्या मापात बसत नाही, म्हणून आमच्यावर सक्ती नव्हती. सक्ती नव्हती हे एका परीने बरेच झाले, कारण नियमापोटी बसवलेली आणि पुढे वीजबिलाच्या नावाने बंद पडलेली यंत्रे मी नातेवाइकांच्या सोसायट्यांमध्ये पाहिली आहेत.

साधन निवडताना बाजारात बरेच काही दिसले. एकावर एक बसणारे मातीचे तीन कुंभ देखणे होते, पण आमच्या गॅलरीत ते ठेवले असते तर कपडे वाळत घालायला जागा उरली नसती. खाली तोटी असलेले हवाबंद डबे मिळत होते. त्यांची पद्धत वेगळी असते, त्यांत कचरा आंबतो आणि नंतर तो मातीत पुरावा लागतो, आणि माती हीच तर फ्लॅटमध्ये नसते. विजेवर चालणारी, रात्रीतून खत देणारी म्हणून विकली जाणारी यंत्रे प्रत्यक्षात कचरा तापवून वाळवतात आणि त्याची भुकटी करतात. ती भुकटी ओली झाली की पुन्हा कुजू लागते, कारण ते खत झालेलेच नसते; एवढी वीज खर्चून एवढेच साधायचे असेल तर पुण्याच्या उन्हात गच्चीवर कचरा फुकट वाळतो. शेवटी घर रंगवल्यानंतर उरलेले वीस लिटरचे तीन डबे स्वच्छ धुऊन घेतले, एका ओळखीच्या सुताराकडून त्यांच्या भिंतींना आणि तळाला बोटभर रुंदीची भोके पाडून घेतली, भोकांना आतून जुन्या मच्छरदाणीची जाळी चिकटवली आणि डबे विटांवर उचलून ठेवले. तळातून पाणी ठिबकले तर ते खालच्या मजल्यावरच्या गॅलरीत जाऊ नये म्हणून प्रत्येकाखाली एकेक परात आली.

या सगळ्या प्रक्रियेतली खरी मेख डब्यात नसून वाळलेल्या पाल्यात आहे, हे मला आधी वाचून कळले होते आणि नंतर हाताने कळले. कचरा कुजवणारे जीवाणू आणि बुरश्या यांना ऊर्जेसाठी कार्बन लागतो आणि वाढीसाठी नत्र. कार्बनचे २५ ते ३० भाग आणि नत्राचा एक भाग असे प्रमाण साधले तर काम जोमाने चालते. भाजीच्या देठांत आणि सालींत नत्र त्या मानाने जास्त असते आणि पाणी तर फारच; वाळलेल्या पानांत कार्बन भरपूर आणि पाणी नसल्यासारखे. म्हणून ओंजळभर ओला कचरा टाकला की त्यावर किमान तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच, पाला पसरायचा, असा साधा नियम आम्ही धरला. हे माप वजनाचे नाही, आकारमानाचे आहे.

पाला मिळवणे पुण्यात अवघड नसावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यांवर पानांचा सडा पडतो आणि कित्येक ठिकाणी सकाळी झाडून झाल्यावर तो जाळलाही जातो. आमच्या आवारातला पाला झाडणाऱ्या मावशींना विनंती केल्यावर त्यांनी तो गोणीत भरून द्यायला सुरुवात केली. त्यातही निवड करावी लागते. गुलमोहराची आणि पर्जन्यवृक्षाची पाने बारीक असतात, ती लवकर मिसळतात. आंब्याची, वडाची आणि फणसाची पाने चामड्यासारखी चिवट असतात आणि महिनोन्महिने तशीच दिसत राहतात. ती घालायचीच तर पायाखाली चुरडून घालावीत. नारळाच्या शेंड्यांचा भुसा बाजारात विटांच्या रूपात मिळतो आणि तो पाणी छान शोषतो, पण समोर फुकटचा पाला जळत असताना केरळ-तमिळनाडूहून आलेली वीट विकत घेणे मला पटले नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांना पुरेल एवढा पाला मे महिन्यातच कोरडा भरून ठेवावा लागतो, एवढी एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवायची.

रोजचे काम फार नाही. ओट्यावर एक जाळीचे भांडे असते, त्यात दिवसभराच्या साली, देठ, चहाचा चोथा, अंड्यांची चुरडलेली टरफले आणि देवघरातले निर्माल्य जमा होते. हारांचा दोरा आधी काढावा लागतो, नाहीतर दसऱ्याच्या झेंडूच्या तोरणांचे दोरे पुढे चाळणीत एकमेकांत गुंतून उच्छाद मांडतात. रात्री झाकपाक करताना हे भांडे डब्यात रिकामे होते, वर पाला पडतो आणि दर तीन-चार दिवसांनी खुरप्याने वरखाली केले जाते, म्हणजे आत हवा जाते. कोबीचे देठ आणि कलिंगडाची सालपटे विळीवर बारीक करून घातली तर काम निम्म्या वेळात होते. लिंबाच्या पिळलेल्या फोडी थोड्या चालतात. आंब्याच्या कोया आणि नारळाच्या करवंट्या आम्ही घालत नाही, कारण त्या वर्षभर जशाच्या तशा राहतात. तेलकट भाजी, दूध-दही आणि मटणाची हाडे हेही बाहेर. याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की उरलेल्या अन्नासाठी सोय राहिली नाही. पूर्वी शिळी आमटी निमूटपणे कचऱ्यात जाई. आता ती कुठे टाकायची हा प्रश्न पडू लागला, आणि त्यामुळे स्वयंपाकाचा अंदाज सुधारला. शिळ्या पोळ्यांचा कुस्करा आमच्याकडे आधीही होत असे, तो आता आठवड्याच्या वेळापत्रकातच आला.

सुरुवातीला विरजण म्हणून काय घालावे यावर प्रत्येकाचे मत निराळे असते. बाटल्यांतून विकली जाणारी द्रावणे असतात, गुळाचे पाणी असते, आंबट ताक असते. आम्ही पहिल्या डब्याच्या तळाशी एका रोपवाटिकेतून आणलेले दोन ओंजळी शेणखत घातले आणि अधूनमधून ताकाचे भांडे विसळलेले पाणी शिंपडले. पुढच्या डब्यांना आधीच्या डब्यातले अर्धवट तयार खत विरजणासारखे पुरले. खरे पाहता पानांवर आणि सालींवर हे सूक्ष्मजीव आधीपासून असतातच. विरजणाने फक्त ते लवकर कामाला लागतात.

पहिल्या आठवड्यातच आत हात घातला की ऊब लागू लागली. मोठ्या शेतातल्या ढिगात ५५ ते ६५ अंश सेल्सिअस तापमान होते आणि तणांचे बी मरते. एवढ्याशा डब्यात तेवढी उष्णता टिकत नाही, म्हणून आमच्या कुंड्यांतून पुढे टोमॅटोची आणि पपईची रोपे आपोआप उगवत राहिली. त्यांतली बरीचशी उपटावी लागतात, पण एका टोमॅटोने गॅलरीच्या गजांवर चढून चांगली फळे दिली हेही नमूद करायला हवे.

खरी परीक्षा जुलैत झाली. हवेतच पाणी होते, पाला ओलसर झाला होता, आणि त्यातच आंबे संपून पेरू-केळी सुरू झाली होती. डबा उघडला की चिलटांचा ढग उठे आणि आंबूस, नासल्यासारखा वास येई. आणखी काही दिवसांनी खाली पिवळट-तपकिरी, दाण्याएवढ्या ते बोटाच्या पेराएवढ्या अळ्या वळवळताना दिसल्या. मुलाने डबा उचलून नेऊन टाकण्याची तयारी केली होती. सासूबाईंचे बालपण वाईकडच्या शेतावर, गोठ्याशेजारी गेलेले. त्यांनी डब्यात हात घालून मूठभर लगदा उचलला, पिळला आणि बोटांमधून पाण्याची धार लागलेली दाखवली. “ओल्याला कोरडं मिळालं नाही की ते असंच नासतं. पाला घाल अजून, आणि उघडं राहू दे दोन दिवस,” एवढेच त्या म्हणाल्या. मूठ पिळल्यावर हाताला ओल लागावी, पण एखाद्या थेंबापेक्षा जास्त पाणी पडू नये, ही कसोटी शेतीच्या पुस्तकांतही दिलेली असते. आम्ही सगळे मिश्रण जुन्या चादरीवर पसरले, त्यात भरपूर कोरडा पाला आणि सुताराकडचा लाकडाचा भुसा मिसळला आणि परत भरले. दोन दिवसांत वास गेला. भुसा घेताना तो साध्या लाकडाचा असावा. प्लायवूडच्या भुशात डिंकाची रसायने असतात.

अळ्यांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण बहुतेक घरांतले खताचे डबे अळ्या दिसल्याच्या दिवशीच बंद पडतात. त्या अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या होत्या. ही माशी घरमाशीसारखी आपल्या ताटावर येऊन बसत नाही. प्रौढावस्थेत ती फारसे खातच नाही आणि तिचे आयुष्यही थोड्या दिवसांचे असते. तिच्या अळ्या मात्र ओला कचरा इतक्या वेगाने फस्त करतात की आता कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यासाठी त्या मुद्दाम वाढवल्या जातात. डबा फार ओला आहे याची ती खूण असते, एवढेच. पाला वाढला की त्या आपोआप कमी होतात. दिसायला त्या किळसवाण्या आहेत हे मी नाकारणार नाही, आणि पाहुणे आल्यावर डब्याचे झाकण मी लावूनच ठेवते. चिलटांवर उपाय सोपा आहे: कचऱ्याचा कोणताही भाग वरून दिसता कामा नये आणि केळीच्या साली नेहमी खोल दाबाव्यात. मूठभर निंबोळी पेंड वर भुरभुरली तरी फरक पडतो. वासावरून निदान करता येते हेही हळूहळू समजले. नासका, आंबूस वास आला तर हवा कमी पडते आहे. मुतारीसारखा उग्र वास आला तर नत्र जास्त झाले आहे आणि ते अमोनिया होऊन उडते आहे. दोन्हींवर औषध पालाच.

एक डबा भरायला महिन्याच्या आसपास लागतो. तो बाजूला ठेवून दुसरा सुरू करायचा, मग तिसरा, आणि तिसरा भरेपर्यंत पहिला तयार झालेला असतो. उन्हाळ्यात हे चक्र नीट बसते, पावसाळ्यात आणि थंडीत थोडे रेंगाळते. तयार खत काळपट, भुसभुशीत असते, त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो, आणि त्यात कोणतीही साल ओळखू येत नाही. आम्ही ते जुन्या पिठाच्या चाळणीने नव्हे, तर वाळू चाळायच्या जाड जाळीने चाळतो. वर राहिलेला जाडसर भाग पुढच्या डब्यात जातो. खाली पडलेले खत गोणीत भरून आणखी दोन-तीन आठवडे मुरू द्यावे लागते. ते मुरले की नाही हे पाहायला सासूबाईंनी एका वाडग्यात ते मातीत मिसळून चमचाभर मेथीदाणे पेरले. दाणे तिसऱ्या दिवशी नीट वर आले आणि पाने हिरवी राहिली तर खत तयार. उगवलेच नाहीत किंवा रोपे पिवळी पडली तर त्यात अजून कुजणे चालू आहे आणि ते झाडांना घालू नये. शिवाय त्या मेथीचे वरण चांगले होते.

घातलेल्या कचऱ्याच्या मानाने खत फारच थोडे होते, चौथा-पाचवा भाग. निव्वळ खतात झाड लावू नये. दोन भाग माती आणि एक भाग खत पुरते. आमच्या तुळशीला, कढीपत्त्याला आणि गवती चहाला वर्षभरात जेवढे लागते त्याहून ते जास्त झाले, तेव्हा उरलेले इमारतीच्या बागेत गेले. ज्यांच्या गॅलरीत एकही कुंडी नाही त्यांनी खताच्या लोभाने या वाटेला जाऊ नये. कचरा कमी होतो हेच फळ मानावे.

आणि तो कमी झाला की एक वेगळीच गोष्ट घडते, जिची मला कल्पना नव्हती. ओल्याचा स्पर्श नसलेला सुका कचरा स्वच्छ राहतो, त्याला वास येत नाही, त्यामुळे तो रोज देण्याची गरज उरत नाही. आम्ही तो आठवड्यातून एकदा देऊ लागलो. रोज मूठमूठ जाताना जे दिसत नव्हते ते आठवड्याच्या पोत्यात एकदम दिसू लागले. आम्ही काय विकत घेतो याचा तो चक्क ताळेबंदच होता. एका सकाळी कचरा नेणाऱ्या ताईंना विचारले, की यातले तुमच्या उपयोगाचे काय आणि निरुपयोगी काय. त्यांनी पोते जिन्यावर उलटे केले आणि भराभर दोन ढीग केले. पुठ्ठा, रद्दी, बाटल्या, शांपूच्या कडक बाटल्या, डबे आणि दुधाच्या पिशव्या एकीकडे. बिस्किटे, वेफर्स आणि फरसाणाची आतून चंदेरी असलेली वेष्टने, गोळ्यांची रिकामी पाकिटे, चिकटपट्टी लागलेले पार्सलचे प्लास्टिक आणि थर्मोकोल दुसरीकडे. दुसरा ढीग भंगारवाला घेत नाही. त्या वेष्टनांत प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सुटे करणे परवडत नाही. त्याच वेळी त्यांनी सॅनिटरी पॅडचीही गोष्ट काढली: ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढला तर त्यांना उघडून पाहावे लागत नाही. इतकी वर्षे आम्ही ते गुंडाळून देत होतो, ठिपक्याचे मात्र कोणी सांगितले नव्हते.

त्या दोन ढिगांनी पुढची दिशा दिली. घरातले बदल पर्यावरणविषयक लेख वाचून झाले नाहीत, दुसरा ढीग पाहून झाले. दुधाच्या पिशव्या पहिल्या ढिगात असल्या तरी त्यांचे कापलेले कोपरे कुठेच नव्हते; ते चिमुकले तुकडे वेचताच येत नाहीत आणि थेट गटारात किंवा मातीत जातात. आता पिशवी कापताना कोपरा पूर्ण सुटू देत नाही, एका बाजूने लागलेला ठेवतो. पिशवी चमचाभर पाण्याने विसळून ते पाणी कणकेत घालतो आणि पिशवी चिमट्याने दोरीवर वाळवतो. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली तेव्हा हातपिशव्यांवरच सगळ्यांचे लक्ष होते, आणि कापडी पिशव्या तर आमच्याकडे पूर्वीपासून होत्या. पोत्यात पाहिले तर हातपिशव्या जवळजवळ नव्हत्याच. तिथे गर्दी होती ती खाऊच्या वेष्टनांची आणि घरपोच मागवलेल्या वस्तूंच्या पार्सलांची. म्हणून फरसाण, शेव आणि शेंगदाणे आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून स्टीलचा डबा नेऊन सुटे आणू लागलो. दुकानदाराला डब्याचे वजन आधी करून घ्यायला सांगावे लागते, आणि गर्दीच्या वेळी तो वैतागतो, म्हणून दुपारी जावे. तेल लाकडी घाण्यावरून किटलीत येते. पार्सले पूर्ण बंद झाली नाहीत, पण चार वस्तू चार दिवशी मागवण्याऐवजी आठवड्याची यादी करून एकदाच मागवण्याचा मुलाने नियम केला आणि तो त्याने बऱ्यापैकी पाळला आहे.

सगळेच प्रयोग टिकले असे नाही. सुटे दूध बरणीत घेणे आमच्या नोकरीच्या वेळांत बसले नाही. रिठ्याच्या पाण्याने कपडे धुण्याचा प्रयोग यंत्रात फारसा जमला नाही. रेशमी साड्या आणि लोकरीचे स्वेटर मात्र हाताने रिठ्यातच धुतो, त्यांना ते मानवते. संत्र्या-मोसंबीच्या साली, गूळ आणि पाणी यांचे तीनास एकास दहा या प्रमाणात तीन महिने आंबवलेले द्रावण फरशी पुसायला छान आहे, पण त्याला सर्व रोगांवरचा इलाज समजणाऱ्यांचा उत्साह मला नाही. सुरुवातीच्या महिन्यात बाटलीचे झाकण रोज सैल करून वायू सोडावा लागतो, हे सांगायला बरेच जण विसरतात.

पोत्यातून निघालेल्या एका वस्तूने मात्र मोठा बदल घडवला. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचे जुने फिल्टर दुसऱ्या ढिगात पडले होते आणि ते दर वर्षी पडणार होते. तेव्हा प्रश्न आला, की पाण्यात विरघळलेले क्षार काढून टाकणारे हे आरओ यंत्र आपल्याला हवे तरी कशाला. आमच्याकडे खडकवासला धरणाचे, पालिकेने शुद्ध केलेले पाणी येते. त्यात विरघळलेले क्षार किती हे मोजणारे छोटे उपकरण स्वस्तात मिळते. ते नळाखाली धरले तर आकडा शंभराच्या आतच राहिला. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात ही मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे, आणि त्याहून कमी क्षार असतील तिथे आरओवर बंदी घालावी असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितले होते. घरगुती आरओ लिटरभर पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर वाया घालवते. ते आम्ही बादलीत धरून भांड्यांना वापरत असू, पण आधी वाया घालवून मग वाचवण्यात अर्थ नव्हता. यंत्र बिघडल्यावर नवे घेताना अतिनील किरणांचे साधे यंत्र घेतले. उपनगरांत जिथे बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी येते तिथे हा सल्ला लागू नाही, आधी मोजावे.

वाया जाणारी वीज डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिकडे आम्ही सर्वांत शेवटी वळलो, आणि प्रमाण पाहिले तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती असे कोणी म्हणेल. जुना छताचा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या) मोटरचा नवा ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे वर्षाला दोनशे युनिटच्या जवळपास वीज वाचते, आणि आपल्या मुख्यतः कोळशावर तयार होणाऱ्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे पंख्यामागे वर्षाला १४० किलोच्या आसपास. डबे घेऊन फरसाण आणण्याने हवेवर एवढा परिणाम नक्कीच होत नसणार. तरीही क्रम उलटा असता तर बरे झाले असते असे मला वाटत नाही. पंखा एकदा बदलला की माणूस तो विसरतो. डबा रोज रात्री समोर येतो आणि त्याच्यामुळेच बाकीच्या गोष्टींकडे लक्ष गेले.

आता इमारतीतली आणखी काही बिऱ्हाडे विचारू लागली आहेत. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पावसाचे पाणी साठवणाऱ्या मिळकतींना सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत देते, त्यामुळे सोसायटीच्या बैठकीत या विषयाला थोडे वजन आले. मागच्या कुंपणालगत विटांचे दोन हौद बांधावेत, असा प्रस्ताव आहे. माझे मत असे, की आधी पाला साठवण्याची कोरडी जागा ठरवावी आणि मगच विटा आणाव्यात. कोणी घरी सुरुवात करायची म्हटले, तर मी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून अर्धवट तयार खताचे विरजण देते, सोबत पाल्याची एक गोणी देते आणि गावाला जाताना काय करायचे तेही सांगते: शेवटचा कचरा टाकल्यावर चार बोटे जाड पाला पसरावा, झाकण किंचित तिरपे ठेवावे आणि निश्चिंत जावे; पंधरा दिवस कोणी पाहिले नाही तरी डब्याचे काही बिघडत नाही. पाला भरून ठेवायला ज्यांच्याकडे कोपरा नाही, त्यांना विरजण देत नाही, थेट आमच्याच डब्यात कचरा आणून टाकायला सांगते.